पुन्हा कोडिंग, पण हौसेनं

कॉलेजात टर्बो सी या प्रोग्रामिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनपुढे रात्री जागवल्या, मग वीस वर्षं नुसतं एक्सेल. परत सुरुवात करताना आधी एक भलंमोठं सॉफ्टवेअर टाकलं. जुना लॅपटॉप नागपूरच्या मे महिन्यासारखा तापला.

तुम्ही थॉनी घ्या, कोड लिहून चालवायचं साधं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यातच येते. 'व्ह्यू' मेनूत 'व्हेरिएबल्स' सुरू करा. 'भाव = 40' लिहून चालवलं, की बाजूला भाव आणि 40 दिसतात. हो, मराठी नाव चालतं! पास्कल या जुन्या भाषेवाले असाल तर तिच्यासाठीचं लाझारस हे सॉफ्टवेअर बघा.

पहिला प्रोग्राम घरचाच असू द्या. मी संत्र्यांचा हिशोब घेतला. इनपुट (input) या आज्ञेनं, म्हणजे आपण टाइप करून आलेला आकडा मजकूर असतो, त्याची संख्या करायला त्याला इंटमध्ये (int) घाला. नाहीतर 12 आणि 12 मिळून 1212 डझन होतात. माझी अख्खी दुपार त्यातच गेली, कूलरसमोर बसून.