घरच्यांना पॉलिसिस्टिक किडनी समजावून सांगायची तर

आईच्या सोनोग्राफीत पॉलिसिस्टिक किडनी निघाली, म्हणजे किडनीत पाण्याने भरलेल्या गाठीच गाठी, त्या दिवशी मावशीने विचारलं, “म्हणजे पीसीओडीच ना?” मामाला मुतखडा वाटला, तो पानफुटीची पानं घेऊन आला. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या खेपेला मी जनुकांपासून सुरुवात केली आणि कुणालाच काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं, ते असं.

आधी नळी दाखवा. पपईच्या पानाचा पोकळ देठ आडवा कापून ताटात ठेवा. एका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची. ती भिंत कागदावर काढा, विटा काढतो तशी, आणि विटेविटेतून नळीच्या पोकळीत डोकावणारा एकेक केस काढा. हाच सिलियम; अनेक असले की सिलिया. सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही तोकडा. श्वासनळीतले सिलिया हलून कफ वर ढकलतात; किडनीतला तसा झाडत नाही, तो बाहेरची खबर पेशीला देतो. हा फरक सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण शाळेत शिकलेले सिलिया हलणारेच असतात.

त्या केसावर पॉलिसिस्टिन नावाची दोन प्रथिनं असतात. एकाचं जनुक 16व्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचं 4थ्या. ज्या पेशीत ती कमी पडतात तिथे पेशी वाढत जातात, नळीला फुगा येतो, पाणी साठतं, आणि बहुतेक फुगे शेवटी नळीपासून सुटे होतात. याच त्या गाठी.

इथे भावाने विचारलं, “म्हणजे केस तुटला म्हणून गाठ?” हा प्रश्न टाळू नका. सिलिया नीट न बनणाऱ्या उंदरांना गाठी होतात, हे 2000 साली उलगडलं, तेही क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या शेपट्या (त्याही सिलियाच) अभ्यासणाऱ्यांमुळे. पण 2013 साली वेगळंच दिसलं: पॉलिसिस्टिन नसलेल्या उंदरांतून सिलियाही काढले, तर गाठी कमी वाढल्या. म्हणजे सिलियातून वाढीचा निरोप जातो आणि पॉलिसिस्टिन त्याला आवरतं. भावाला मी बैलाचं उदाहरण दिलं. बैल धडधाकट आहे, कासरा सुटलाय.

मग वारशाचं सांगा. आईला असेल तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला शक्यता 50 टक्के. “चौघांत दोघांना” असा हिशेब नाही. दर वेळी नव्याने छापा-काटा. भावंडांना किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवा, बीपी मोजायला लावा, मनाने पेनकिलर घेऊ देऊ नका. सोनोग्राफीत एखादी गाठ दिसली म्हणून लगेच हाच आजार ठरत नाही. घरात आजार असलेल्यांत 15 ते 39 वयात दोन्ही किडन्यांत मिळून निदान तीन गाठी लागतात.

आजीला यातलं काही सांगितलं नाही. आईला लहानपणी काय खाऊ घातलं, ते ती आठवत बसली होती. तिला एवढंच म्हटलं, “हा कॅन्सर नाही, आणि तुझ्या हातच्या जेवणाने झालेलं नाही.” तिने ताटातला देठ उचलला आणि उजेडाकडे धरून आरपार पाहिलं.