परगावी मोठी शस्त्रक्रिया करून घेण्यापूर्वी

परगावी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जाणारी बहुतेक माणसे ऑपरेशनच्या दिवसापर्यंतची तयारी मनापासून करतात; खरी तारांबळ उडते ती डिस्चार्ज मिळाल्यावर. म्हणून तारीख पक्की करतानाच टाके कोण काढणार, रात्री-अपरात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा आणि परतीचा प्रवास कधी झेपेल, हे सर्जनना विचारून लिहून घ्यावे. त्यांनी सांगितलेल्या दिवसांवर आणखी काही दिवस धरून रुग्णालयाजवळ, जिने चढावे लागणार नाहीत अशी खोली ठरवावी. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तो अधिकच असतो. विमानाने परतायचे असल्यास स्वतंत्र परवानगी घ्यावी, कारण शरीरात अडकलेली हवा उंचीवर प्रसरण पावते.

शरीराच्या तयारीला काही आठवडे मिळाले, तर त्यांचे सोने करावे. तंबाखू आणि धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद केल्यास छातीचे आणि जखमेचे त्रास कमी होतात. हिमोग्लोबिन आणि साखर यांच्या तपासण्या निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर बऱ्याच आधी करून घ्याव्यात, कारण लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि सामानसुमानासह पोहोचल्यावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणे फार जड जाते. झेपेल तेवढे रोज चालावे. श्वासाचा सराव तर घरीच व्हायला हवा: ताठ बसून नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद धरावा, तोंडाने सोडावा, मग जिथे छेद घेतला जाणार आहे त्या जागी उशी घट्ट दाबून धरून खोकून पाहावे. शस्त्रक्रियेनंतर वेदनेपोटी माणूस उथळ श्वास घेतो आणि कफ छातीत साठतो; तेव्हा ही सवय कामाला येते.

औषधांच्या यादीत काढे, चूर्णे आणि पूरक गोळ्याही लिहाव्यात, कारण त्यांपैकी काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. हा निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचा आहे. उपाशी राहण्याच्या वेळाही त्यांच्याकडूनच घ्याव्यात. चुकून काही खाल्ले-प्यायले असेल तर ते निःसंकोच सांगावे. भुलेत पोटातले अन्न श्वासनलिकेत गेल्यास ते जिवावर बेतू शकते.

भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि 'काही होत नाही' असे म्हणून ती जात नाही. पुढे काय होणार हे कळले की ती पुष्कळ उतरते. जाग अतिदक्षता विभागात येणार का, अंगाला कोणत्या नळ्या असतील, वेदना वाढल्यास काय सांगायचे, हे आधीच विचारावे. श्वासाची नळी घशात असेपर्यंत बोलता येत नाही, एवढे ठाऊक असले तरी जागे होतानाची घबराट कमी होते. आपण शुद्धीत नसताना एखादा निर्णय घ्यावा लागला तर आपली इच्छा काय, हेही सोबतच्या माणसाला स्पष्ट सांगावे. हे बोलणे जड जाते, पण न बोलल्यास त्याचे ओझे त्या माणसावर पडते.

सोबत्याच्या झोपेची आणि जेवणाचीही सोय लावावी, शक्य असेल तर पाळीने दुसरे कोणी यावे, आणि नातेवाइकांना खुशाली कळवण्याचे काम घरी राहणाऱ्या एकाने अंगावर घ्यावे. वयस्कर रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही काळ भ्रम होऊ शकतो. अनोळखी जागेत त्यांचा चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचा आवाज हाताशी असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.