विलो लावताय? आधी हवामान पाहा, मग जात ठरवा

पानगळ होऊन झाड झोपी गेलेलं असतं, तोच विलोच्या लागवडीचा खरा हंगाम. डोळे फुगू लागले की उशीर झालाच. पण छाटकलमं काढायला कात्री हातात घेण्याआधी जात नक्की करा. विलोच्या सुमारे ४०० जाती आहेत. ध्रुवीय प्रदेशात जमिनीला चिकटून वाढणारं वीतभर झुडूपही विलोच, आणि उष्ण प्रदेशात नदीकाठी वाढणारा वाळुंजही विलोच. चुकीची जात दोन-तीन वर्षं झकास वाढते आणि मग एखाद्या हंगामात दगा देते. तोवर जागा, पाणी, मेहनत सगळं गुंतून पडलेलं असतं.

रोपांवर बहुधा झोनचा आकडा लिहिलेला असतो. अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत असे १३ झोन आहेत आणि ते ठरतात वर्षातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून; आकडा जितका लहान, तितकी थंडी कडक. पांढरा विलो दुसऱ्या-तिसऱ्या झोनच्या कडाक्यातही तगतो. फांद्या जमिनीपर्यंत झुकलेला बॅबिलोनी विलो मात्र सहाव्या झोनपासून पुढे लावावा. उणे २३ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा भरवसा धरू नये. थंड भागात तशीच झुकती फांदी हवी असेल तर पांढऱ्या विलोशी संकर केलेले सोनेरी फांद्यांचे वाण घ्या, ते जास्त काटक असतात.

पण केवळ या आकड्यावर विसंबून लागवड करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. झोन फक्त थंडी मोजतो. उन्हाळा किती तापतो, पाऊस कधी येतो, दिवस किती तासांचा असतो, यातलं काहीच तो सांगत नाही. विलोला तर दिवसाची लांबी बरोबर कळते. उत्तर गोलार्धात दूर उत्तरेकडचं कलम दक्षिणेत आणलं तर दिवस थोडा आखूड होताच ते वाढ थांबवतं. चांगली ऊब शिल्लक असूनही झाड खुजं राहतं. उलट दक्षिणेकडचं कलम उत्तरेत नेलं तर ते शरद ऋतूतही कोवळे शेंडे काढत बसतं आणि पहिल्याच दंवात ते शेंडे काळे पडतात. म्हणून जातीइतकंच कलम कुठल्या झाडाचं, हे विचारा. तुमच्याच अक्षांशाजवळचं, तुमच्यासारखाच उन्हाळा सोसलेलं झाड मिळालं तर दुसरं शोधू नका.

जिथे थंडी नावापुरती असते, तिथे थंड प्रदेशातले विलो लावण्याचा मोह टाळा. पुरेशी थंडी न मिळाल्याने त्यांचे डोळे एकसारखे फुटत नाहीत. अशा ठिकाणी दक्षिण आशियातला वाळुंज हाच योग्य. तो ओढ्याकाठी, पाणथळ जागी आनंदाने वाढतो. कोरड्या भागात कायमचा ओलावा नसेल तर कुठलाच विलो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोपल्यांसाठी लवचीक काड्या हव्यात तर समशीतोष्ण हवेत व्हिमिनॅलिस ही जात घ्या. मधमाश्या पाळत असाल तर कॅप्रिया. वसंताच्या तोंडी, इतर फुलं नसताना तिचे तुरे पराग देतात. नर-मादी झाडं वेगळी असल्याने परागासाठी नर झाडाचंच कलम मागा. फ्रॅजिलिस जातीपासून मात्र सावध राहा. तिच्या फांद्या सहज मोडतात, वाहत जातात आणि खाली जिथे अडकतील तिथे रुजतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या नद्यांना तिने डोकेदुखी करून ठेवली आहे. स्थानिक नियम पाहूनच हात लावा.

कलम पेन्सिलीएवढ्या जाडीचं, एक वर्षाच्या फांदीचं, २० ते ३० सेंटिमीटर लांब असावं. डोळ्यांची टोकं वर ठेवून दोन तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या. पहिली दोन वर्षं भोवतीचं गवत वाढू देऊ नका आणि आच्छादन ठेवा. रोप मरतं ते बहुतेक वेळा गवताशी पाण्यासाठी झगडून. घर, विहीर, सांडपाण्याच्या नळांपासून मोठी झाडं निदान १५ मीटर लांब लावा. लगेच लावणं जमणार नसेल तर जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड, सावलीच्या जागी ठेवा आणि डोळे फुटायच्या आत मातीत घाला.