वर्ल्ड फेडरेशन काढताय? आधी या चुका टाळा

दादरला एका मीटिंगला गेलो होतो, आपल्या मातीतल्या एका खेळाची वर्ल्ड फेडरेशन काढायची म्हणून, तर तीन तास लोगोवरच गेले, ग्लोब निळा ठेवायचा का भगवा, आणि नियमांचं पुस्तक कुठाय हे कोणी विचारलंच नाही.

पहिली चूक हीच, लोगो आणि नोंदणी झाली की काम झालं समजणं. नोंदणी म्हणजे मान्यता नाही हो. स्वित्झर्लंडमध्ये सिव्हिल कोडच्या कलम 60 प्रमाणे लेखी घटना केली, त्यात उद्देश, पैसा आणि कारभार लिहिला की झाली संस्था उभी. इतकं सोपंय म्हणूनच नुसत्या त्या कागदाला कोणी विचारत नाही.

दुसरी, देश मोजताना चिटिंग. दुबईतला भाचा आणि न्यू जर्सीतला मित्र ग्रुपवर ॲड केला की दोन देश झाले? तिथे नॅशनल्स होतात का ते बघा. 2019 ला शिवाजी पार्कात मल्लखांबाची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा परदेशातली पोरं स्वतः खांबावर चढली, त्याला म्हणतात देश येणं.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी: जुन्या संघटनेला नुसत्या शिव्या घालत बसणं. बॉक्सिंगचं बघा. जुन्या आयबीएला (आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटना) पैसा, कारभार आणि जजिंगवरून आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) 2019 लाच निलंबित केलेलं, टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकचं बॉक्सिंग आयओसीनेच चालवलं, पण वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना सुरू झाली एप्रिल 2023 ला, आणि जूनमध्ये आयबीएची मान्यता गेली तरी नव्यांना लगेच ती खुर्ची मिळाली नाही, आधी काँग्रेस (म्हणजे सभासद देशांची सभा), निवडणूक, स्पर्धा, एकेक देश जोडणं (भारतही 2024 ला गेला), तेव्हा कुठे फेब्रुवारी 2025 ला तात्पुरती मान्यता. तात्पुरती बरं का.

आणि फार उशीरही नको. पार्कूरवाल्यांची (भिंती, कठडे ओलांडत धावायचा खेळ) स्वतःची संघटना नीट रुजायच्या आतच जिम्नॅस्टिक्सच्या फेडरेशनने 2018 ला तो खेळ आपल्यात घेतला, बसा मग निषेध करत.

आधीच दोन संघटना झाल्या असतील तर? कबड्डीत बघा, मार्च 2025 ला इंग्लंडात झालेला वर्ल्ड कप वर्ल्ड कबड्डीचा, आंतरराष्ट्रीय कबड्डी फेडरेशनचा नाही, बघणारा गोंधळणारच. अध्यक्ष कोण हा वाद बाजूला ठेवा, आधी नियमांचं पुस्तक एक करा, पंचांची परीक्षा एकत्र घ्या आणि डोपिंग टेस्ट कोण करणार ते लिहून घ्या. आणि हो, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार एकाच घरातले नकोत, आपल्याकडे हे सांगावं लागतं.