अक्षता पुसू नका: टोकामॅकच्या व्हिडिओतले पांढरे ठिपके काढताना

खानापुरात आमच्या घरचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला टोकामॅकच्या, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून अणूंचं संलयन घडवू पाहणाऱ्या यंत्राच्या, कॅमेऱ्याचे व्हिडिओ हातात आले. त्यांत पांढरे ठिपके होते, म्हणून मी सवयीनं ‘डिनॉइज’ (ठिपके पुसणारा फिल्टर) मारला. चित्र लोण्यासारखं मऊ झालं. गाईडनी एवढंच विचारलं, “भिंतीवरून उडालेले कण कुठं गेले रे?”

आधी ठिपका येतो कुठून ते बघा. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संलयनातून 14.1 एमईव्ही ऊर्जेचा न्यूट्रॉन सुटतो, नुसत्या ड्युटेरियममधून सुटलाच तर 2.45 चा. तो सेन्सरमधल्या सिलिकॉनच्या अणूला धडकला की तिथं विद्युतभार सांडतो, आणि पिक्सेलला वाटतं उजेड आला. गॅमा आणि हार्ड एक्स-रेही असेच फसवतात.

शॉटच्या (टोकामॅक एकदा चालवण्याच्या) आधी आणि नंतर झाकण लावून काळ्या फ्रेम घ्या, त्याही सेन्सरच्या त्याच तापमानाला. सहा-आठ अंश वाढले की डार्क करंट (अंधारातही पिक्सेलमध्ये साचणारा भार) साधारण दुप्पट होतो. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी चमकणारा तो हॉट पिक्सेल. तो वजा करा. नंतरच्या फ्रेममध्ये असे नवे दिसले तर सेन्सरला इजा झाली म्हणायची.

उरलेल्यांसाठी लागोपाठच्या तीन फ्रेमचा मीडियन, म्हणजे दर पिक्सेलच्या तीन आकड्यांतला मधला, काढा. पण सगळं चित्र त्यानं बदलू नका की! मीडियनपेक्षा फारच वर गेलेला पिक्सेल तेवढा बदला. मी नेहमीच्या नॉइजच्या पाचपट ही मर्यादा धरतो.

माझी चूक झाली ती इथंच. नंदगडच्या एका लग्नाच्या व्हिडिओवर मीडियन लावून बघितला, तर नवरा-नवरी होती, भटजी होते, अक्षता गायब! उडता दाणा दर फ्रेमला नव्या जागी, म्हणून मीडियनला तो कचराच वाटतो. भिंतीचा तापलेला कणही तसाच. तेव्हा ठिपका पुसण्याआधी मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये त्याच्या रेषेत शेजारी शोधा. माग लागला तर हात लावू नका. न्यूट्रॉनच्या ठिपक्याला पुढच्या फ्रेममध्ये भाऊ नसतो.

इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तर ठिपका म्हणजे खोटं तापमान. एका फ्रेमवरून भिंत तापली असं लिहू नका.

शिसं गॅमा अडवतं, न्यूट्रॉनला बोरॉन घातलेलं पॉलिथिन लागतं. त्याहून बरं म्हणजे आरशांनी उजेड वळवून कॅमेरा जाड भिंतीमागं ठेवणं.

मूळ फाइल जपा, आणि दर फ्रेमला किती ठिपके काढले तो आकडा लिहून ठेवा. शॉटमध्ये किरणोत्सर्ग कधी वाढला ते त्यातून दिसतं. गाईडना माझ्या प्रोजेक्टातला तोच आलेख आवडला, व्हिडिओ नाही.