मुंबई फिरायला निघालात? या चुका टाळा

मुंबईत आलेले पाहुणे संध्याकाळी थकून घरी येतात आणि त्याचं खापर गर्दीवर फोडतात. गर्दी असतेच, पण निम्मा दोष आखणीचा असतो. "सकाळी गेटवे, जेवायला जुहू, दुपारी राणीची बाग, संध्याकाळी हाजी अली" असा बेत एखादा भाचा मोबाइलवर नकाशा बघून ठरवतो आणि सगळं घर त्याच्या मागे निघतं. त्या दिवशी शहर कमी आणि रस्त्यावरचे सिग्नल जास्त बघून होतात.

मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावरून पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या लाइन उभ्या धावतात. लाइनच्या दिशेने जाणं स्वस्त आणि झटपट, आडवं जाणं महाग आणि वेळखाऊ. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर फास्ट लोकल साधारण तासाभरात कापते. पण ठाण्याहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं म्हटलं, तर अंतर कमी असूनही घोडबंदर रस्त्यावर किती वेळ मोडेल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून किलोमीटर मोजू नका. ठिकाण कुठल्या लाइनवर आहे आणि स्टेशनच्या कुठल्या अंगाला आहे, हे आधी विचारा. गेटवे, काळा घोडा, संग्रहालय आणि मरीन ड्राइव्ह एका दिवसात आरामात होतात. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली दुसऱ्या दिवशी. वांद्रे आणि जुहू तिसऱ्या. घाई असेल तर एखादं ठिकाण गाळा, पण वर-खाली उड्या मारू नका.

नावावरून स्टेशन ठरवणं

मुंबई सेंट्रल मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. ही चूक बाहेरगावचे लोक हमखास करतात. एसटीचा मोठा डेपोही तिथेच असल्यामुळे गावाहून लाल परीने आलेला माणूस उतरतो आणि कल्याणची गाडी शोधत बसतो. तिथून मध्य रेल्वेवर जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते.

लोकमान्य टिळक टर्मिनस, म्हणजे बोलण्यातलं 'एलटीटी' किंवा 'कुर्ला टर्मिनस', आणि कुर्ला लोकल स्टेशन या दोन वेगळ्या जागा आहेत. सामान घेऊन कुर्ल्याला उतरलात तर पुढे रिक्षा शोधावी लागेल. हार्बर या तिसऱ्या लाइनवरचं टिळकनगर स्टेशन टर्मिनसला जास्त जवळ आहे. वांद्रे टर्मिनसचंही तेच. ते वांद्रे लोकल स्टेशनला चिकटून नाही, पूर्वेला थोडं आत आहे. गाडी पकडायची असेल तर या दोन्ही ठिकाणी हातात अर्धा तास जास्तीचा ठेवा.

महालक्ष्मी स्टेशनला उतरून "देऊळ कुठंय?" विचारणारे रोज भेटतात. स्टेशनाजवळ आहे तो धोबीघाट आणि रेसकोर्स. देऊळ आणि हाजी अली तिथून दीड-दोन किलोमीटर लांब, टॅक्सी किंवा बस लागतेच. उलट गिरगाव चौपाटीसाठी चर्नी रोडला उतरलं की समुद्र समोरच. सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) गेटवेला मात्र टॅक्सीची घाई करू नका. पाय धड असतील तर हुतात्मा चौक, काळा घोडा करत चालत जाणं हाच त्या भागातला सगळ्यात चांगला प्रवास आहे, आणि फुकट.

पूर्व-पश्चिमेचा घोळ वेगळाच. अंधेरी, वांद्रे, बोरिवली, सगळीकडे स्टेशनच्या दोन्ही अंगांना दोन वेगळी गावं आहेत म्हणा ना. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात आणि तिथून रिक्षा केलीत तर ती लांबचा वळसा घालून पुलावरून किंवा सबवेतून जाईल. खूण सोपी आहे: चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या दिशेला तोंड करून उभे राहा, उजव्या हाताला पश्चिम. चूक लक्षात आली तर परत जिना चढा आणि रेल्वेच्या पुलावरून पलीकडे जा. रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

लोकलमधल्या चुका

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण खरी भंबेरी इथेच उडते.

पहिली गोष्ट इंडिकेटरची, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या फलकाची. त्यावर गाडी कुठे जाणार, किती वाजता, फास्ट की स्लो आणि किती डब्यांची, एवढं सगळं असतं. लोक फक्त वेळ बघतात आणि आलेल्या गाडीत चढतात. चर्चगेटहून सुटलेली फास्ट गाडी मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड सोडून थेट मुंबई सेंट्रल आणि मग दादर गाठते. पर्यटकाला लागणारी पुष्कळ ठिकाणं नेमकी स्लो गाडीच्या थांब्यांवर आहेत. जवळ जायचं असेल तर स्लोच घ्या. स्टेशन मागे पडलंच तर घाबरून दाराकडे धावू नका, पुढच्या थांब्यावर उतरा आणि उलट दिशेची स्लो पकडा. तिकीट तिथपर्यंतचं नसेल तर टीसीला आधीच खरं सांगावं हे बरं.

दुसरी, फाटे. अंधेरी आणि वांद्र्याला पश्चिमेच्या गाड्यांबरोबर हार्बरच्याही येतात. चर्चगेटला जायचं म्हणून पनवेल गाडीत बसलात तर वडाळामार्गे थेट खाडीपलीकडे निघाल. कल्याणनंतर मध्य रेल्वे कसारा आणि कर्जत अशी फुटते. नाव वाचूनच चढा, आणि शंका असेल तर दारातल्या माणसाला "भाऊ, ही दादरला थांबणार ना?" एवढं विचारा. मुंबईकर हसणार नाही, पण उत्तर तुटक देईल; त्याचा राग मानू नका.

दादरचे प्लॅटफॉर्म क्रमांक जुन्या आठवणीवर शोधू नका. डिसेंबर २०२३ पासून दोन्ही रेल्वेंचे क्रमांक सलग झाले: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. मामाने दहा वर्षांपूर्वी सांगितलेला 'सेंट्रलचा एक नंबर' आता तिथे नाही.

तिसरी, वेळ. सकाळी आठ ते अकरा शहर दक्षिणेकडे जातं आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परततं. लहान मुलं, आजी-आजोबा, बॅगा असं लटांबर घेऊन या वेळी गर्दीच्या दिशेने निघू नका. ठाण्याला किंवा बोरिवलीला मुक्कामाला असाल तर साडेअकरानंतर निघा, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर नऊपर्यंत बसा. घाईच असेल तर चर्चगेट किंवा सीएसएमटीपर्यंत जाऊन तिथूनच चढा, तिथे गाडी रिकामी मिळण्याची शक्यता असते. दादरला संध्याकाळी चढायचा प्रयत्न सवयीच्या माणसानेच करावा. आणि अंधेरी-बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टकडे बघूही नका. लांब जाणाऱ्यांची गाडी आहे ती, मधेच उतरणाऱ्याला तिथे वाट मिळणं कठीण आणि बोलणी मात्र भरपूर.

दाराशी उभं राहण्याचेही नियम आहेत, कुठेही न लिहिलेले. पुढच्या स्टेशनला उतरायचं नसेल तर दारात थांबू नका, आत सरका. उतरायचं असेल तर एक स्टेशन आधी उठा, "दादर उतरणार?" असं पुढच्याला विचारत पुढे सरका आणि प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही विचारून घ्या. गाडी थांबते ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास. बॅग पाठीवर नको, पोटाशी धरा. धावती गाडी पकडणं, दाराबाहेर डोकावून फोटो काढणं, रूळ ओलांडणं यांबद्दल काय बोलायचं? रोज माणसं जातात त्यात.

मग समजा आई चढली आणि बाबा राहिले. घराघरांत हे झालेलं असतं. निघण्याआधीच ठरवून ठेवा: जो मागे राहिला त्याने जागा सोडायची नाही, पुढच्या गाडीने यायचं, जे पुढे गेले त्यांनी पुढच्याच थांब्यावर उतरून प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरखाली थांबायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की चुकामूक पक्की. फोन लागेलच असं धरू नका. मुलांच्या खिशात नंबर लिहिलेला कागद असू द्या. गाडीत बॅग राहिली तर १३९ वर आणि रेल्वे पोलिसांच्या १५१२ वर कळवा. गाडी कुठून किती वाजता सुटलेली आणि डबा पुढून कितवा, एवढं सांगता आलं तर शोध सोपा होतो.

तिकिटाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं अजूनही ५ रुपये आहे, तरी लोक काढत नाहीत आणि सापडले की २५० रुपये दंड अधिक भाडं भरतात. त्याहून जास्त अडकतात ते नकळत फर्स्ट क्लासमध्ये चढलेले. बाक जरा मऊ एवढाच फरक, त्यामुळे आत गेल्यावर लक्षात येत नाही. दाराशेजारी लिहिलेलं वाचूनच चढा. एसी लोकलचं तिकीट वेगळं, साधं तिकीट तिथे चालत नाही. मोबाइलवर तिकीट काढलंत तर त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवून उपयोग नाही, टीसीला ॲपमधलंच दाखवावं लागतं. दिवसभर चढ-उतार करणार असाल तर खिडकीवर 'पर्यटक तिकीट' मागा. एक, तीन आणि पाच दिवसांची मिळतात, आणि दर वेळी रांगेत उभं राहायचं वाचतं.

रविवार बघून निघणं

"रविवारी ऑफिसं बंद, गाड्या मोकळ्या" हा हिशोब अर्धाच खरा. रविवारी गाड्या कमी धावतात आणि बहुतेक रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार-पाच. पश्चिम रेल्वेवाले त्यालाच जंबो ब्लॉक म्हणतात. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, काही थांबे गाळतात, हार्बरवर काही भाग पूर्ण बंदही राहतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात किंवा रेल्वेच्या समाजमाध्यमांवर ब्लॉक कुठे आहे ते येतं. ते न बघता रविवारी दुपारी पनवेलहून निघालेल्या कुटुंबाला रस्ता नाही तर लांबची वाट, दोनच पर्याय उरतात. शक्य असेल तर शहर बघायला मधला वार धरा.

पण वार ठरवताना सुट्ट्याही बघा. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. गेटवेला पोहोचून बोटवाल्याकडून हे कळणं वाईट.

रिक्षा, टॅक्सी आणि मीटर

गेटवेला उभं राहून रिक्षा शोधणारे पाहुणे दिसले की वाईट वाटतं. पश्चिम रेल्वेच्या बाजूला वांद्र्याच्या आणि मध्य रेल्वेच्या बाजूला सायनच्या दक्षिणेस रिक्षा येतच नाहीत, तिथे फक्त टॅक्सी. उत्तरेकडून रिक्षाने सिद्धिविनायकाला निघालात तर वाटेत उतरावं लागेल.

१ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचं भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये झालं. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट. मुंबईत मीटरने जायची पद्धत आहे, पुण्या-नाशिकच्या सवयीने आधी भाव ठरवू नका. भाव ठरवलात की तुम्ही नवे आहात हे त्याला कळलं. मीटर टाकायला तयार नसेल तर पुढची टॅक्सी बघा. स्टेशनाच्या दारात उभी असलेली सोडून शंभर पावलं चालत रस्त्यावर आलात तर चालती टॅक्सी सहसा मीटरने येते. मोठ्या स्टेशनांबाहेर शेअर रिक्षा-टॅक्सीची रांग असते, तिचा मार्ग ठरलेला असतो. आणि जवळच्या अंतरासाठी बेस्टची बस आहेच, साधीचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२.

मेट्रो म्हणजे एकच मेट्रो असं समजणं

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही २०१४ पासूनची मेट्रो १, दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या २ए आणि ७, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ३, यांचे चालक वेगवेगळे आहेत. त्यामुळे एका मेट्रोतून दुसरीत जाताना काही ठिकाणी बाहेर पडून पुन्हा आत जावं लागतं. 'मुंबई वन' ॲप किंवा 'एनसीएमसी' (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) असलं की तिकिटाची कटकट कमी होते. आडव्या प्रवासावर मेट्रो १ हे खरं औषध आहे: घाटकोपरहून जुहूच्या बाजूला रस्त्याने जाण्याचा वेडेपणा तिने वाचतो.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि पर्यटकांचं काम सोपं झालं. सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विमानतळाची दोन्ही टर्मिनल एकाच लाइनवर आली. जिने पुष्कळ उतरावे लागतात हे वयस्करांनी लक्षात घ्यावं, लिफ्ट कुठे आहे ते आधी शोधा. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढा आणि भेटायची जागा वरच ठरवा.

पाऊस आणि भरती

जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर भरतीची वेळ बघायची सवय लावा. हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरी सबवे ही नावं बातम्यांत येतात. तेव्हा त्या बाजूला टॅक्सी नेऊ नका. लोकल मधेच थांबली तर डब्यातच थांबा, रुळांवर उड्या टाकू नका. लोकल बंद पडल्यावर सगळं शहर एकाच वेळी ॲपवर टॅक्सी मागतं आणि भाडी चढतात, त्यामुळे दोन-तीन तास जवळच्या नातेवाइकाकडे चहा घेत काढणं शहाणपणाचं.

परतीचं विमान

विमानतळावर टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात आणि रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला गर्दीत अर्धा तासही लागू शकतो. त्यात आता नवी मुंबईच्या विमानतळावरूनही २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना विमानतळ, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबईचा. टॅक्सीत बसल्यावर "एअरपोर्ट" एवढंच सांगू नका. आदल्या रात्रीच तिकीट उघडून विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही बघून ठेवा, आणि पहाटेचं विमान असेल तर रात्री एकच्या सुमारास बंद झालेल्या लोकल चारच्या आसपास सुरू होतात, हे धरूनच गाडी सांगा.