एफ७वर घोडा द्या, पण शहाची घाई नको

बुद्धिबळात मी पांढऱ्या बाजूने खेळताना समोरच्याने पेट्रोव्ह बचाव खेळला की पूर्वी माझा उत्साहच ओसरायचा. गेली चार वर्षं मी त्याला कॉक्रेन गॅम्बिटने, म्हणजे घोड्याचं बलिदान देऊन, उत्तर देते. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोड्याने ई५चं प्यादं मारायचं. त्याने डी६ केलं की घोडा मागे न घेता थेट एफ७वर मारायचा. वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात येतात, म्हणून राजा घोडा घेतो. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली आणि त्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल) कायमचं गेलं.

जॉन कॉक्रेन हा कलकत्त्यात वकिली करणारा स्कॉटिश बॅरिस्टर. १८४८ साली त्याने तिथे मोहेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध हे बलिदान केलं. १९९९ला स्पेनमधल्या लिनारेस स्पर्धेत ग्रँडमास्टर तोपालोवने ग्रँडमास्टर क्रामनिकविरुद्ध केलं, डाव बरोबरीत सुटला.

आता पाचवी चाल. हात आपोआप उंटाकडे जातो, सी४वरून शह द्यावासा वाटतो. देऊ नका. तो डी५ करतो, प्यादं परत देऊन एफ८चा उंट मोकळा करून घेतो. आधी डी४. ई४-डी४ ही प्याद्यांची जोडी हीच आपली खरी कमाई आहे.

डी४नंतर त्याने हावरटपणे घोड्याने ई४ घेतलं, तर वजीर एच५ शह, जी६, वजीर डी५ शह आणि ई४चा घोडा आपला.

डी४ला त्याने जी६ केलं तर घोडा सी३, उंट जी७, आणि आता उंट सी४ शह. उंट ई६, मारामारी, राजा ई६वर. मग एफ४! राजा एफ७वर परततो, आपण ई५ करतो. तो हत्ती ई८ करून ई-प्यादं आपल्या राजासमोर बांधतो, म्हणजे ते बाजूला गेलं तर राजाला शह. घाबरायचं नाही, कॅसलिंग करा. प्यादं सुटलं, एफ६चा घोडा पुन्हा माऱ्यात. त्याने डी६च्या प्याद्याने ई५ घेतलं, तर एफ-प्याद्याने परत घ्या: एफ-पट्टी उघडते आणि तिच्या टोकाला त्याचाच राजा. हा क्षण मला सगळ्या बुद्धिबळात सर्वात प्रिय आहे.

डी४ला सर्वात त्रासदायक उत्तर सी५. मी डी-प्याद्याने ते घेते. त्याने डी-प्याद्याने परत घेतलं तर डी-पट्टी उघडून त्याचा वजीर फुकट जातो, कारण राजा एफ७वर असल्याने डी८ला राखण उरत नाही. जाणकार मात्र शांतपणे घोडा सी६ करतो. तिथून पुढे वजिरांची अदलाबदल काही झालं तरी टाळा. वजीर गेले की त्याचा उघडा राजा सुरक्षित होतो आणि आपल्याकडे उरतो फक्त एक मोहरा कमी.